डोरा क्विक चेक आणि गूगलचा मॅनेजर फीडबॅक फॉर्म: फुकटातल्या जोडीचं परीक्षण

चांगला सॉफ्टवेअर इंजिनिअर मॅनेजर झाला की त्याला दोन गोष्टी नव्यानं शिकाव्या लागतात. एक, काम नेमकं कुठे अडतंय ते ओळखणं. दुसरी, ते अडलंय हे टीमनं आपणहून येऊन सांगावं असं वातावरण ठेवणं. या दोन्हींसाठी बाजारात दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा आहेत, प्रमाणपत्रं आहेत, दरमहा माणशी पैसे घेणारे डॅशबोर्ड आहेत. त्यांच्या वाटेला जाण्याआधी दोन फुकट गोष्टी वापरून पाहाव्यात. पहिली डोराची ‘क्विक चेक’ ही छोटी प्रश्नावली, दुसरी गूगलच्या रीवर्क या साइटवरचा, टीमनं आपल्या मॅनेजरबद्दल भरायचा फीडबॅकचा फॉर्म. दोन्ही इंग्रजीत आहेत आणि दोन्ही दिसायला इतक्या साध्या, की पाच मिनिटांत पाहून सोडून दिल्या जातात.

आमचं मत आधीच सांगतो. क्विक चेक एकट्या मॅनेजरनं भरली तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. टीममधल्या प्रत्येकानं वेगवेगळी भरली आणि मग उत्तरं शेजारी ठेवली तर तासाभरात महिन्याभराचं काम समोर येतं. फीडबॅक फॉर्ममधले प्रश्न उत्तम आहेत, पण आपल्याकडच्या ऑफिसात तो जसाच्या तसा फिरवला तर ‘सगळं छान आहे सर’ एवढंच हाती लागेल.

क्विक चेक काय विचारते

डोरा म्हणजे डेव्हऑप्स रिसर्च अँड असेसमेंट. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी उभं केलेलं हे संशोधनाचं काम २०१८ च्या अखेरीस गूगलनं विकत घेतलं आणि त्याचा वार्षिक अहवाल अजूनही निघतो. क्विक चेक ही त्या अहवालाची खिशात मावणारी आवृत्ती. प्रश्न मुख्यतः चार. कोड कमिट झाल्यापासून (म्हणजे लिहिलेला बदल नोंदवल्यापासून) प्रॉडक्शनला, खऱ्या ग्राहकांसाठी, चालू होईपर्यंत किती वेळ लागतो? डिप्लॉयमेंट, म्हणजे नवा कोड प्रॉडक्शनला चढवणं, किती वेळा होते? शंभरातल्या किती डिप्लॉयमेंट बिघडतात? बिघडल्यावर सावरायला किती वेळ लागतो? पर्याय ठरावीक आहेत: एका तासाच्या आत, एका दिवसाच्या आत, दिवस ते आठवडा, आठवडा ते महिना, आणि पुढे. शेवटी दहापैकी गुण मिळतात आणि तुमच्या उद्योगातल्या इतरांशी तुलना दिसते.

गुणांकडे बघू नका, तुलनेकडे तर नकोच. बँकेचं कोअर सॉफ्टवेअर सांभाळणारी टीम आणि त्याच बँकेचं मोबाइल ॲप करणारी टीम एकाच ‘उद्योगात’ मोडतात, पण दोघींच्या बंधनांचा एकमेकींशी संबंध नसतो. हे आकडे एकेका ॲप्लिकेशनपुरते मोजावेत आणि टीम-टीममध्ये शर्यत लावू नये, असं खुद्द डोराचंच सांगणं आहे. तरीही वरिष्ठांच्या तिमाही सादरीकरणात पहिली स्लाइड नेमकी त्या शर्यतीची असते.

खरी किंमत आहे ती पहिल्या प्रश्नाची.

एक बदल, २२६ तास

लीड टाइम (कमिटपासून प्रॉडक्शनपर्यंतचा वेळ) किती, असं सात जणांना विचारलं तर मॅनेजर म्हणतो ‘दोन-तीन दिवस’, टेस्टर म्हणतो ‘आठवडा’ आणि रिलीज सांभाळणारा म्हणतो ‘दहा दिवस’. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण प्रत्येक जण आपल्या पुढ्यातला तुकडा मोजत असतो. म्हणून उत्तर देण्याआधी गेल्या महिन्यातले वीसेक बदल घ्यायचे आणि प्रत्येकाच्या पाच वेळा एका शीटमध्ये उतरवायच्या: पहिला कमिट, पुल रिक्वेस्ट (बदल तपासून सामावून घ्या ही विनंती) उघडली ती वेळ, पहिला रिव्ह्यू, मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं), आणि प्रॉडक्शन. पहिल्या चार वेळा गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि पुल रिक्वेस्टच्या पानावरच मिळतात. पाचवी रिलीजच्या नोंदीतून काढावी लागते. हातानं केलं तरी दोन तासांचं काम.

एक नमुना घेऊ. ग्राहकाला जाणाऱ्या एसएमएसचा मजकूर बदलायचा आहे. पहिला कमिट सोमवारी सकाळी ११ वाजता. पुल रिक्वेस्ट मंगळवारी दुपारी ४ ला, म्हणजे २९ तास. पहिला रिव्ह्यू गुरुवारी दुपारी १२ ला, आणखी ४४ तास. सूचना दुरुस्त होऊन मंजुरी शुक्रवारी दुपारी ३ ला, २७ तास. अर्ध्या तासात मर्ज. रिलीज दर बुधवारी रात्री ९ वाजता, त्यामुळे तिथे चांगले १२५.५ तास नुसतं थांबणं. एकूण २२६ तास, म्हणजे साडेनऊ दिवसांच्या आसपास. त्यात कीबोर्डवर बोटं चालली ती फार तर चार-पाच तास.

आता नवा मॅनेजर हा तक्ता बघतो आणि त्याची नजर त्या ४४ तासांवर जाते. ‘रिव्ह्यू चोवीस तासांत व्हायलाच हवा’ असा फतवा निघतो. टीम धावपळ करते. रिव्ह्यू गुरुवारऐवजी बुधवारी दुपारी होतो, मर्ज शुक्रवारऐवजी गुरुवारी. आणि प्रॉडक्शनला बदल जातो कधी? पुढच्याच बुधवारी रात्री ९ वाजता. एका मिनिटाचाही फरक नाही. स्टँडवर तासभर आधी पोचलात म्हणून एसटी लवकर सुटत नाही. महिन्याभरानं आकडा तसाच राहतो, टीम वैतागते आणि मॅनेजर म्हणतो ‘या मेट्रिक्सना काही अर्थ नाही’.

इथे अडचण गाडीच्या वेळापत्रकात आहे. रिलीज आठवड्यातून एकदाच का, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच असतं: रिलीजआधी दोन दिवस हातानं रिग्रेशन टेस्टिंग (जुनं काही मोडलं नाही ना याची तपासणी) करावं लागतं. म्हणजे सुरुवात करायची ती टेस्टपासून. त्यातही पाचशे टेस्ट केस एकदम ऑटोमेट करायला घेऊ नयेत. ज्या केसेस गेल्या सहा महिन्यांत एकदाही बग पकडू शकल्या नाहीत त्या आधी बाजूला काढायच्या. पैसे, लॉगइन आणि डेटा लिहिणं यांना हात लावणाऱ्या वीस-तीस केसेस पाइपलाइनमध्ये (आपोआप चालणाऱ्या तपासणीत) घालायच्या, त्यानंतरच आठवड्याला दोन रिलीज.

टेस्ट ऑटोमेट करताना हमखास फसणारी जागा म्हणजे कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्ट. गणित सोपं आहे. २०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट हजारात एकदा विनाकारण फेल होते असं धरा. सगळ्या एकदम पास होण्याची शक्यता ८२ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पाचातली जवळजवळ एक फेरी काही बिघडलेलं नसताना लाल. पंधरा दिवसांत टीम लाल रंगाकडे दुर्लक्ष करायला शिकते, ‘पुन्हा चालव, होईल’ हा मंत्र होतो आणि खरी चूक त्याच सवयीतून प्रॉडक्शनला जाते. अशी टेस्ट सापडली की त्याच दिवशी मुख्य संचातून बाहेर काढायची, तिला मालक आणि तारीख द्यायची आणि तारखेपर्यंत दुरुस्त झाली नाही तर पुसून टाकायची. हे ठरवणं मॅनेजरचं काम. इंजिनिअरला एकट्याला टेस्ट पुसायचा धीर होत नाही.

सरासरीबद्दल एक इशारा. दहा बदलांना लागलेले तास असे आहेत: ४, ५, ६, ६, ८, ९, ११, १४, ३०, २१०. सरासरी ३०.३ तास, मधला आकडा ८.५. सरासरी सांगितली तर दहापैकी नऊ बदलांचं चित्र चुकतं. नुसता मधला आकडा सांगितला तर तो २१० तासांचा बदल नाहीसा होतो, आणि शिकण्यासारखं सगळं त्याच्यातच असतं. दोन्ही लिहा आणि सर्वांत लांबलेल्या दोन बदलांची चौकशी करा. क्विक चेक यातलं काहीच विचारत नाही, एक पर्याय निवडा म्हणते. हा तिचा मोठा दोष.

दुसरं एक गणित मॅनेजरला तोंडपाठ हवं. उघड्या कामांची संख्या भागिले रोज पूर्ण होणारी कामं म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी दिवस. १८ पुल रिक्वेस्ट उघड्या आणि रोज ३ मर्ज होतात, तर सहा दिवस. लोकांना न पळवता हा आकडा तीनवर आणायचा तर उघड्या पुल रिक्वेस्ट ९ वर आणाव्या लागतात, म्हणजे नवं काम घेण्याआधी शेजाऱ्याचं अडलेलं काम रिव्ह्यू करायचं. सांगायला सोपं, अमलात आणायला महाकठीण, कारण अप्रेझलमध्ये स्वतः लिहिलेला कोड मोजला जातो, दुसऱ्याचा तपासलेला मोजला जात नाही.

बिघाडाची व्याख्या आधी ठरवा

डिप्लॉयमेंट किती वेळा होते या प्रश्नावर फार वेळ घालवू नये. वर सांगितलेलं जमलं की तो आकडा आपोआप हलतो.

बिघाडाचं प्रमाण मात्र सोपं दिसतं आणि भांडणं लावतं. महिन्यात ४० डिप्लॉयमेंट झाल्या, त्यात ६ हॉटफिक्स, म्हणजे तातडीच्या दुरुस्त्या. सहा बिघाड भागिले ४० म्हणजे १५ टक्के. पण हॉटफिक्स स्वतःच डिप्लॉयमेंट आहे, ती भाजकात धरायची का? वगळली तर सहा भागिले ३४, म्हणजे १७.६ टक्के. कोणतीही पद्धत घ्या, मात्र एकदा घेतलेली बदलू नका. बिघाड कशाला म्हणायचं तेही एका वाक्यात लिहून ठेवा: डिप्लॉयमेंटनंतर लगेच रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परत जाणं), हॉटफिक्स किंवा हातानं डेटा दुरुस्ती करावी लागली तर बिघाड. बटणाचा रंग चुकला आणि पुढच्या रिलीजमध्ये सुधारला, तो बिघाड नव्हे. ही ओळ आधी लिहिलेली नसेल तर प्रत्येक महिनाअखेरीस व्याख्या सोयीप्रमाणे वाकते.

डोराच्या २०२४ च्या अहवालात एक मजेशीर गोष्ट आहे. टीमचे चार गट पाडले होते. सर्वांत वरच्या ‘एलिट’ गटात बिघाड ५ टक्के, सर्वांत खालच्या गटात ४० टक्के. पण मधल्या दोघांत उलटं होतं: ‘हाय’ गटात २० टक्के आणि त्याच्या खालच्या ‘मीडियम’ गटात १०. म्हणजे जास्त वेळा डिप्लॉय करणारा गट जास्त बिघडवत होता, तरीही वर बसवला गेला. क्रमवारी लावणाऱ्याला वेग महत्त्वाचा वाटला की स्थैर्य, यावर तुमचा बिल्ला ठरतो. त्याच अहवालात ‘रीवर्क रेट’ हा पाचवा आकडा आला: ग्राहकाला दिसणाऱ्या बगमुळे बेत नसताना कराव्या लागलेल्या डिप्लॉयमेंटचं प्रमाण. (गूगलच्या मॅनेजरांच्या साइटचं नावही रीवर्क. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नवख्याचा मात्र गोंधळ होतो.) २०२५ च्या अहवालात ही चार गटांची उतरंडच मोडीत काढली आहे. त्यामुळे कुणी अजूनही ‘आमची टीम एलिट’ म्हणून बिल्ला मिरवत असेल तर तो बिल्ला जुना आहे.

सावरायचा वेळ, आणि मागे न फिरणारी मायग्रेशन

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लोक आशेनं देतात. ‘एका तासाच्या आत, रोलबॅक आहे ना.’ मॅनेजरनं विचारायचं: डेटाबेस मायग्रेशन (टेबलांच्या रचनेत बदल) असलेल्या रिलीजचा रोलबॅक शेवटचा कधी करून पाहिला?

गडबड इथेच असते. कोड मागे जातो, टेबल जात नाही. नव्या रिलीजनं एका कॉलमचं नाव बदललं, जुना कोड परत आणला, आता त्याला जुना कॉलम सापडत नाही. म्हणून कॉलम बदलायचा तो टप्प्यांनी. आधी नवा कॉलम रिकामा चालेल असा घालायचा. पुढच्या रिलीजमध्ये कोड दोन्ही कॉलममध्ये लिहू लागतो, वाचतो मात्र जुन्यातून. मग जुना डेटा हजार-दोन हजार ओळींच्या घासांनी नव्यात भरायचा. एकाच फटक्यात केला तर टेबल अडकून बसतं. त्यानंतरच्या रिलीजमध्ये वाचन नव्या कॉलमवर. जुना कॉलम काढायचा तो सर्वांत शेवटी, एक-दोन आठवडे निवांत गेल्यावर आणि कोडनं त्यात लिहिणं थांबवल्यावर. जुना कॉलम काढेपर्यंत यातल्या कुठल्याही पायरीवरून एक पायरी मागे जाता येतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर साधा इंडेक्स बनवताना त्या टेबलवरचं लिहिणं थांबतं, तेव्हा चालू टेबलवर इंडेक्स ‘कन्करंटली’ पर्यायानंच बनवायचा. स्थिर डीफॉल्ट असलेला कॉलम घालणं मात्र आवृत्ती ११ पासून स्वस्त झालं आहे, टेबल पुन्हा लिहावं लागत नाही.

मॅनेजरनं हे स्वतः टाइप करावं अशी अपेक्षा नाही. डिझाइनचा कागद समोर आला की त्यात या पायऱ्या आहेत का, एवढं त्याला दिसलं पाहिजे.

रोलबॅकनं आग वाढते याचं सार्वजनिक नोंदीतलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही ट्रेडिंग कंपनी. १ ऑगस्ट २०१२ रोजी आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड गेलाच नाही. नव्या फीचरसाठी जुनाच फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता, त्यामुळे त्या एका सर्व्हरवर अनेक वर्षं वापरात नसलेला कोड जागा झाला. गोंधळ आवरायला नवा कोड उरलेल्या सात सर्व्हरवरूनही काढला गेला, आणि मग तोच जुना कोड आठही ठिकाणी चालू झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान. यातून चेकलिस्टमध्ये तीन ओळी येतात: फ्लॅगचं नाव पुन्हा वापरायचं नाही, मेलेला कोड काढून टाकायचा, आणि डिप्लॉयमेंटनंतर प्रत्येक सर्व्हर कोणती आवृत्ती चालवतोय ते यंत्रानं तपासायचं.

क्विक चेकला न दिसणाऱ्या गोष्टी

सेवा मुळात चालू आहे का, हे या चार आकड्यांत नाही. डिप्लॉयमेंट न बिघडवताही सेवा रोज संध्याकाळी मंदावू शकते. त्यासाठी वेगळं उद्दिष्ट ठेवावं लागतं. ९९.९ टक्के म्हटलं तर ३० दिवसांत ४३.२ मिनिटं बंद राहायची मुभा, ९९.९५ म्हटलं तर २१.६ मिनिटं. रात्री दोनला फोन वाजून माणूस उठेपर्यंत आणि लॅपटॉप उघडून व्हीपीएन लागेपर्यंत पंधरा मिनिटं जातातच. त्यामुळे ९९.९५ कबूल करण्याआधी ऑनकॉलचं वेळापत्रक बघा.

हिंजवडी किंवा खराडीतल्या कितीतरी टीमसाठी आणखी एक पंचाईत आहे. कोड इथे लिहिला जातो, प्रॉडक्शनचं बटण समुद्रापलीकडच्या क्लायंटच्या हातात असतं. बदल मंजूर करणाऱ्या समितीची बैठक त्यांच्या गुरुवारी, वर्षअखेरीला चार-सहा आठवड्यांचा फ्रीझ, म्हणजे नवे बदल बंद. अशा टीमनं क्विक चेक सरळ भरली तर लीड टाइम ‘आठवडा ते महिना’ येतो आणि सगळे निराश होतात. त्याचे दोन तुकडे करा: कमिटपासून क्लायंटच्या हवाली करेपर्यंतचा, आणि तिथून प्रॉडक्शनपर्यंतचा. पहिला तुकडा तुमचा. दुसरा तुकडा महिनोन्‌महिने लिहून ठेवला तर करार नूतनीकरणाच्या वेळी तोच सर्वांत दमदार कागद ठरतो. तक्रार करण्यापेक्षा ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत सरासरी इतके दिवस’ ही एक ओळ जास्त ऐकली जाते.

एआय कोड लिहायला लागल्यापासून या आकड्यांची गरज वाढली आहे. डोराच्या २०२४ च्या अंदाजानुसार एआयचा वापर २५ टक्क्यांनी वाढला की डिलिव्हरीचा वेग सुमारे १.५ टक्के आणि स्थैर्य ७.२ टक्के घटलेलं दिसलं. कोड लवकर आणि जास्त लिहिला गेला की पुल रिक्वेस्ट लठ्ठ होतात, हे कारण तिथे सुचवलेलं आहे आणि ते पटण्यासारखं आहे, कारण रिव्ह्यू करणारा माणूस एकच असतो.

आता दुसरं साधन: मॅनेजर फीडबॅक

गूगलनं २००२ मध्ये इंजिनिअरिंगमधले मॅनेजर काढून टाकून पाहिले. काही महिन्यांतच लोक खर्चाची बिलं आणि आपापसातली भांडणं घेऊन थेट गूगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागले, आणि प्रयोग गुंडाळला गेला. पुढे ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ या गूगलच्या अभ्यासात चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी काढल्या गेल्या, २०१८ मध्ये त्या दहा झाल्या. मूळ आठांच्या यादीत तांत्रिक कौशल्य आठव्या नंबरावर होतं. हे वाक्य अनेक मॅनेजर ढालीसारखं वापरतात: ‘बघा, गूगलसुद्धा म्हणतं टेक्निकल असायची गरज नाही.’ यादीत शेवटी आहे याचा अर्थ यादीत नाही असा होत नाही. त्या सवयीचे शब्दही नीट वाचावेत. टीमला सल्ला देता येईल इतपत तांत्रिक कौशल्य, असं तिथे म्हटलं आहे.

फॉर्ममध्ये डझनभर विधानं आहेत, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी उत्तरं, आणि शेवटी दोन मोकळे प्रश्न: मॅनेजरनं काय चालू ठेवावं, काय बदलावं. विधानांची बांधणी चांगली आहे, कारण ती स्वभावाबद्दल न विचारता घडलेल्या गोष्टीबद्दल विचारतात. ‘गेल्या सहा महिन्यांत माझ्या करिअरबद्दल मॅनेजरशी अर्थपूर्ण बोलणं झालं’ याला हो किंवा नाही म्हणता येतं. ‘वरिष्ठांकडून आलेली माहिती मॅनेजर नियमितपणे आमच्यापर्यंत पोचवतो’, ‘अवघड असलं तरी टीमचं लक्ष प्राधान्याच्या कामावर ठेवतो, वेळ पडल्यास इतर कामं नाकारतो’ हेही तसंच. आमच्या मते नाकारण्याचं विधान सर्वांत टोकदार आहे. सेल्सकडून आलेल्या प्रत्येक मागणीला मान डोलावणारा मॅनेजर टीमला प्रेमळ वाटू शकतो, पण या एका ओळीवर त्याचे गुण पडतात.

कच्ची ओळ तांत्रिक कौशल्याचीच आहे. मॅनेजरकडे आपल्याला सांभाळण्याइतकं तांत्रिक ज्ञान आहे का, असं ती विचारते. चौदा वर्षं अनुभव असलेला आर्किटेक्ट आणि दोन वर्षांचा इंजिनिअर यांचं ‘इतकं’ वेगळं. त्याऐवजी हे विचारा: गेल्या तीन महिन्यांत मॅनेजरच्या एखाद्या प्रश्नामुळे तुमच्या डिझाइनमध्ये बदल झाला का? असेल तर कोणता? तांत्रिक पाया शाबूत असल्याची खूण तीच. मॅनेजरनं स्प्रिंटमधलं अडचणीचं काम स्वतःकडे घेऊन चार दिवस मीटिंगमुळे लटकवणं ही खूण नव्हे.

‘सगळं छान आहे सर’

फॉर्म निनावी असतो. पण पाच जणांच्या टीममध्ये निनावीपण नावापुरतं. मोकळ्या प्रश्नाचं उत्तर कुणी ‘ॲक्च्युअली’नं सुरू केलं यावरूनही माणूस ओळखू येतो. टीम लहान असेल तर दोन-तीन टीमचे फॉर्म एकत्र करा, आणि मोकळी उत्तरं तिसऱ्या माणसानं स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावीत. सहा जणांचे आकडे ५, ५, ५, ४, ४, १ असे आले तर सरासरी ४, अगदी झकास. त्या १ चा माणूस शोधत फिरू नका. टीमसमोर एवढंच म्हणा की या ओळीवर मतं फाटलेली आहेत, मी पुढच्या महिन्यात अमुक एक गोष्ट बदलून बघतो. आणि ती खरंच बदला, नाहीतर पुढच्या वेळी सगळीकडे ४ येतील.

गूगलमध्ये हा फॉर्म मॅनेजरला सुधारण्यासाठी आहे, त्याच्या पगारवाढीसाठी नाही. ही अट गळाली की सगळंच गळालं. एचआरनं हे गुण मॅनेजरच्या अप्रेझलला जोडले, की मॅनेजर फॉर्मआधीच्या पंधरवड्यात टीमला जेवायला नेतो.

रीवर्कवर वन-ऑन-वनसाठी (मॅनेजर आणि टीममधला एकेक जण यांच्या बैठकीसाठी) अजेंड्याचा नमुनाही आहे. ठीक आहे, साधा आहे. आठ जणांची टीम, प्रत्येकी आठवड्याला अर्धा तास, म्हणजे चार तास. यातला एकही अर्धा तास कामाची स्थिती विचारण्यात घालवू नये, ती बोर्डवर दिसते. अजेंडा समोरच्यानं लिहायचा, मॅनेजरनं नाही. आपल्याकडे मॅनेजरहून वयानं मोठा इंजिनिअर असला की ‘अहो-जाहो’ दोन्हीकडून चालतं आणि अडचण सांगणं म्हणजे तक्रार करणं असं वाटतं. म्हणून ‘काही अडचण आहे का?’ हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर ‘नाही’ हेच ठरलेलं. ‘गेल्या आठवड्यात कुठल्या कामात तुमचा तासभर तरी फुकट गेला?’ असं विचारा. यात कुणाची चुगली होत नाही, आणि उत्तरात बिल्डला लागणारी चाळीस मिनिटं, स्टेजिंगचा बंद पडलेला सर्व्हर, दुसऱ्या टीमकडे तीन दिवस पडून असलेली परवानगी असं सगळं निघतं. यातलं बरंचसं २२६ तासांच्या त्या शीटमध्ये आधीच असतं. शीटमध्ये दिसतं आणि वन-ऑन-वनमध्ये कुणीच बोलत नाही, असं असेल तर आधी वन-ऑन-वन दुरुस्त करायला हवी.

दुसरे पर्याय

आकडे आपोआप गोळा करायचे असतील तर गिटलॅबच्या वरच्या दराच्या योजनेत हे चार आकडे आतच मिळतात. गूगलनंच काढलेला ‘फोर कीज’ हा ओपन सोर्स प्रकल्प अजून जुन्या लेखांत सुचवलेला दिसेल, पण त्याची देखभाल थांबली आहे, नव्यानं उभा करू नका. स्पेस ही डेव्हलपरांची उत्पादकता मोजायची २०२१ ची चौकट समाधान, सहकार्य अशा बाजूही धरते. वाचायला चांगली आहे, पण पहिल्या वर्षी वापरायला जड. पहिल्या दोन तिमाहींत हातानं भरलेली शीट पुरते. डॅशबोर्ड आधी आला की कोणता आकडा कुठून आला हे टीममधल्या कुणालाच सांगता येत नाही, आणि पहिली शंका निघाली की सगळे त्याच्यावरचा विश्वास सोडतात.

क्विक चेक दर तीन महिन्यांनी भरा. प्रत्येकाची उत्तरं तारीख टाकून स्वतःच्या शीटमध्ये ठेवा, म्हणजे मॅनेजरचं ‘दोन-तीन दिवस’ आणि रिलीजवाल्याचं ‘दहा दिवस’ एकमेकांच्या जवळ येतायत का ते कळतं. फीडबॅक फॉर्म वर्षातून दोनदा पुरे, फक्त मार्च-एप्रिलमध्ये नको. तेव्हा पगारवाढीची पत्रं यायची असतात आणि कुणीही खरं लिहीत नाही. गणपतीच्या सुट्ट्या लागण्याआधीचा एखादा आठवडा बरा, आणि दुसरा जानेवारीचा, फ्रीझ उठल्यावर.